'ही' म्हणजे तो: इंग्रजी ऐकताना सर्वनामं आणि नावं कशी पकडायची

इंग्रजीतला 'ही' म्हणजे आपला 'तो', आणि मराठीतली 'ही' म्हणजे बाई. 'मी' इकडे कर्ता, तिकडे कर्म. 'शी'बद्दल तर बोलायलाच नको. शाळेत आम्ही यावर खूप हसायचो. २००४ साली पुण्यात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या कामाला लागले आणि हसू गेलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांची डिक्टेशन्स हेडफोनवर ऐकायची, पायाखालच्या पेडलने मागेपुढे करायची आणि रिपोर्ट टाइप करायचा. ६५ अक्षरांची एक ओळ, पैसे ओळीवर. दुसऱ्याच आठवड्यात गर्भाशय काढलेल्या एका बाईंना मी तिसऱ्या परिच्छेदात पुरुष करून टाकलं. क्यूएच्या, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या, मॅडमनी रिपोर्ट परत पाठवला, वर नुसतं प्रश्नचिन्ह.

शब्द मला येत होते. खोड कानाला होती. मराठीत "काल आली, जेवली, गेली" एवढ्यावर बाई आहे हे कळतं, सर्वनामाचा पत्ताही नसतो. लिंग क्रियापदाच्या शेपटीला बांधलेलं, त्यामुळे आपला कान वाक्याच्या शेवटाशी दबा धरून बसतो. इंग्रजीत 'केम, एट, लेफ्ट' काही सांगत नाहीत. सगळा भार त्या एवढ्याशा सर्वनामावर, आणि बोलणारा नेमकं तेच गिळतो.

म्हणून सर्वनाम स्वच्छ ऐकू येईल याची वाट बघू नका. ते गिळल्यावर काय उरतं ते ओळखायला शिका.

वाक्याच्या सुरुवातीला 'ही' बहुतेक वेळा नीट ऐकू येतो. मध्ये आला की 'ह' गळतो आणि उरलेला स्वर आधीच्या शब्दाला चिकटतो. 'डिड ही'चं 'डिडी', 'टेल हिम'चं 'टेलिम', 'आस्क हर'चं 'आस्कर'. माझा छळ केला तो 'सेझी'ने. "पेशंट सेझी फील्स बेटर" असं दहा रिपोर्टांत तरी ऐकलं. 'सेझी' हे काहीतरी आजाराचं लक्षण असणार म्हणून मेडिकल डिक्शनरी चाळली! ते होतं 'सेज ही'.

आता गंमत बघा. तेच 'सेज शी' असेल तर ऐकू येतं 'सेश्शी'. 'डज शी'चं होतं 'डश्शी'. 'ह' गळतो, पण 'श' टिकतो, उलट शेजारच्या 'झ'लाच खाऊन टाकतो. तेव्हा 'श' कानाला लागला तर ती, नुसती 'ई' उरली तर तो. ही चिठ्ठी माझ्या मॉनिटरला वर्षभर चिकटवलेली होती.

'हर'मधून फक्त 'अर' उरतो: 'टोल्ड हर'चं 'टोल्डर'. 'हिज'चा 'इझ' होतो, म्हणजे हुबेहूब 'इज'. इथे कान नाही, शेजार कामाला येतो. "इन इझ लेफ्ट नी" ऐकलंत, तर आधी 'इन' आहे आणि पुढे गुडघा आहे. मध्ये क्रियापद येणारच नाही, तो 'हिज'च. 'यू' तर आधीच्या 'ड'ला आणि 'ट'ला बिघडवून जातो: 'डिड यू'चं 'डिजू', 'गॉट यू'चं 'गॉचू'. याची सवय लवकर होते.

'टेलिम' आणि 'टेलेम' मात्र, म्हणजे त्याला की त्यांना, भरभर बोलण्यात मला अजूनही खात्रीने वेगळं ऐकू येत नाही. मागे वळून बघायचं: एका माणसाबद्दल चाललंय की अनेकांबद्दल? (हा 'एम' म्हणजे 'देम'चा झिजलेला तुकडा नव्हे बरं का, तो जुन्या इंग्रजीतल्या 'हेम'वरून आलाय.) त्यातही 'दे' आणि 'देम' एकाच माणसाबद्दल असू शकतात. "साहेब आले, ते म्हणाले" असं बोलणाऱ्या आपल्याला त्यात अडखळायचं कारण नाही.

नावांचं उलटं. सर्वनाम दबतं, नावावर जोर येतो, म्हणून नावातला 'ह' शाबूत राहतो. 'आस्कर' म्हणजे तिला विचार, पण 'आस्क हॅना'मध्ये 'ह' ठणठणीत. वाक्याच्या मध्येच असा 'ह' आदळला तर नावाचा संशय घ्या, किंवा "तिला नाही, त्याला" असं ठासून सांगणं चाललेलं असेल. आणि नावाआधी 'अ' किंवा 'द' सहसा येत नाही. अर्थ न लागणारा, जोर दिलेला, 'द' नसलेला आवाज आला की डिक्शनरी बंद ठेवा. ते बहुधा कुणाचं तरी नाव असतं.

अर्थ लागणारी नावं जास्त फसवतात: मार्क, ग्रँट, रोज, विल, बिल. "बिल कॉल्ड यस्टर्डे" ऐकून मी हॉस्पिटलच्या बिलाचा विचार करत बसले होते. बिल फोन करत नाही! एका डिक्टेशनच्या शेवटी डॉक्टर म्हणाले "थँक्स, ग्रॅम", आणि मी कुठल्या औषधाचे किती ग्रॅम ते शोधायला टेप मागे घेतली. आपण ज्याला ग्रॅहम म्हणतो त्याला अमेरिकेत ग्रॅम म्हणतात. स्वरांच्या मधला 'ट' तिकडे 'ड'सारखा वाजतो, म्हणून केटी 'केडी' होते आणि पीटर 'पीडर'. 'एस-ई-ए-एन' हा शॉन.

आणखी एक घोळ. रिपोर्टच्या माथ्यावर रॉबर्ट असतो आणि डॉक्टर बोलतात बॉबबद्दल. विल्यमचा बिल, रिचर्डचा डिक, मार्गारेटची पेगी. आपल्याकडेही दत्तात्रयाचा दत्तू होतो, पण मार्गारेटची पेगी कशी झाली हे कानाने कळणं शक्य नाही. अशा जोड्या सरळ पाठ करा.

नाव आणि सर्वनाम एकत्र धरायचं कारण म्हणजे 'डॉन'. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत, विशेषतः पश्चिमेकडे, पुरुषाचं 'डॉन' आणि 'पहाट' अर्थाचं बाईचं 'डॉन' उच्चाराला एकच. ॲरन (तो) आणि एरिन (ती) यांचंही पुष्कळांच्या तोंडी तेच होतं. अशा वेळी नावावर थांबू नका, पुढच्या 'सेझी'-'सेश्शी'कडे कान ठेवा. तिथे 'श' सापडला की स्पेलिंगही ठरलं.

सरावासाठी मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या घेऊ नका. त्यांत काही गिळलेलंच नसतं. मी नव्या मुलींना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले युक्तिवाद देते. त्यांचं ध्वनिमुद्रण १९५५ पासून होतंय, आणि अलीकडच्या खटल्यांचा ऑडिओ व शब्दशः उतारा दोन्ही न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. एक मिनिट घ्या. पहिल्यांदा ऐकताना शब्द लिहू नका, फक्त कागदावर तो, ती, ते अशा खुणा करत जा. दुसऱ्यांदा फक्त नावं, देवनागरीत, कानाला वाजली तशी. मग कुठली खूण कुठल्या नावाची ते बाणाने जोडा आणि तेव्हाच उतारा उघडा. पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या खुणा चुकल्या असत्या. सुरुवातीला वेग ०.७५ ठेवलात तरी चालेल, आठवड्याने नेहमीच्या वेगावर या.

समोरचा माणूस प्रत्यक्ष बोलत असेल तर स्पेलिंग विचारायला लाजू नका. 'एम' की 'एन' हा गोंधळ त्यांनाही होतो, म्हणून तेच "एम ॲज इन मेरी" म्हणतात. टेपला विचारता येत नाही. तिथे आमच्या धंद्याचा नियम: तीनदा ऐकून कळलं नाही तर अंदाज ठोकायचा नाही. ब्लँक सोडायचा, शेजारी मिनिट-सेकंद टाकायचे आणि पुढे जायचं. दोन परिच्छेदांनंतर एखादा 'श' आला की मागे येऊन तो ब्लँक भरायचा.