स्वस्तात मॅक्रो फोटोग्राफी: साहित्य घेताना या चुका टाळा

मॅक्रो म्हणजे छोट्या वस्तूंचे अगदी जवळून घेतलेले फोटो. मुंगी जेमतेम पाच मिलिमीटरची, चतुर पाच सेंटिमीटरचा. दोघांना लागणारं सामान एक नाही. ते न पाहता केलेली खरेदी बहुतेकदा कपाटात पडून राहते.

मोजमाप न करता खरेदी

आधी घरातली पट्टी काढा. हातात आहे त्या लेन्सने फोकस होईल तितकं जवळ जाऊन तिचा फोटो घ्या, रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा आणि सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या चकतीच्या) रुंदीला त्या आकड्याने भागा. येणारा आकडा म्हणजे मोठेपणा. कॅननचा एपीएस-सी (बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांतल्या आकाराचा) सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद असतो, निकॉनचा बहुधा २३.५. कॅननवर २२ मिलिमीटर दिसले तर १:१, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची उमटते, हाच खरा मॅक्रो. ४५ दिसले तर १:२. कॅननच्या १८-५५ एसटीएम किट लेन्सवर साधारण ६२ दिसतात. आकाराचाच प्रश्न असेल तर चतुराला एवढं पुरतं! अडचण अंतराची आहे, तो इतक्या जवळ येऊ देत नाही.

झूम लेन्सवर छापलेल्या ‘मॅक्रो’ शब्दावरही भुलू नका. ७०-३०० लेन्सवर तो असतो, पण मजल फार तर १:२ पर्यंत.

चुकीच्या लेन्सवर चुकीची जोड

सर्वाधिक पैसे इथे वाया जातात, आणि दोन सोपी गणितं ते वाचवतात.

एक्स्टेंशन ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, काच नसलेली पोकळ नळी. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), एवढी मोठेपणात भर पडते. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम मुळात ०.२१ पट देते. ३६ मिमीची ट्यूब लावली की ०.७२ ची भर पडून ०.९३ होतात, म्हणजे जवळजवळ १:१. तीच ट्यूब २५० मिमीवर लावली तर भर फक्त ०.१४. उलट १८ मिमीवर लावाल तर फोकसचं प्रतल लेन्सच्या आतच जातं आणि काहीच स्पष्ट दिसत नाही. ट्यूब खराब आहे म्हणून परत पाठवणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

क्लोज-अप लेन्सचं, म्हणजे मुख्य लेन्सच्या पुढे लावायच्या भिंगाचं, उलट असतं, ती लांब लेन्सवर खुलते. मुख्य लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना मोठेपणा म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले डायऑप्टर (भिंगाची ताकद), भागिले १०००. रेनॉक्स डीसीआर-२५० आठ डायऑप्टरची आहे: २५० मिमीवर दुप्पट, ५५ मिमीवर फक्त ०.४४ पट. विषयापासूनचं अंतर दोन्हीकडे साधारण साडेबारा सेंटिमीटरच राहतं. +१, +२, +४, +१० अशा चार चकत्यांचा स्वस्त संच मात्र टाळा. त्या एकेरी काचेच्या असतात. +१० वर कडा धूसर होतात आणि जांभळी-हिरवी किनार उमटते.

संपर्कबिंदू नसलेली ट्यूब

ट्यूबवर विजेचे सोनेरी संपर्कबिंदू नसले की कॅमेरा लेन्सशी बोलत नाही. कॅनन ईएफ लेन्सचं अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफ/ पुढचा आकडा मोठा तितकं ते लहान) पूर्ण उघडं राहतं. त्यावर उपाय आहे: लेन्स थेट कॅमेऱ्यावर लावा, एफ/८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (अॅपर्चर मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा, अॅपर्चर तिथेच अडकून राहतं. निकॉनच्या जी लेन्समध्ये उलट होतं, अॅपर्चर पूर्ण मिटतं आणि व्ह्यूफाइंडर काळोखतो. मागची छोटी दांडी कागदाच्या घडीने अडवावी लागते. अॅपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स या कटकटीतून सोडवते.

शटरच पडत नसेल तर मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याचा पर्याय चालू करा. निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरवर मॅन्युअल मोडच वापरा. प्रकाश मोजणारं मीटर चालणार नाही, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा.

लेन्स उलटी बसवणारी रिव्हर्स रिंग सर्वांत स्वस्त. ती लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांवर बसते, म्हणून लेन्सवर Ø चिन्हापुढचा आकडा (४९, ५२, ५८) वाचूनच मागवा. ५० मिमी उलटी लावली की साधारण १:१ मिळतं, १८ मिमीवर कितीतरी जास्त. मागची काच उघडी पडते, तेव्हा जुन्या मागच्या झाकणाला भोक पाडून ते लावून ठेवा.

प्रकाशासाठी पैसे न ठेवणं

लेन्सवर सगळं बजेट संपतं आणि फोटो काळे, हललेले येतात. १:१ ला एफ/८ वरही स्पष्टतेची खोली जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. ती वाढवायला एफ/२२ केलंत तर प्रत्यक्षात ते एफ/४४ सारखं वागतं, कारण मोठेपणात एक मिळवून अॅपर्चरच्या आकड्याला गुणावं लागतं. विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ पुरे.

कीटकांसाठी महागड्या ट्रायपॉडपेक्षा साधा मॅन्युअल फ्लॅश उपयोगी. मॅन्युअल मोड, १/२००, एफ/८, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ पासून सुरुवात करा. कमी ताकदीवर झोत क्षणार्धात संपतो, हात हलला तरी फोटो गोठतो. झोत मात्र गाळलाच पाहिजे, नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा ठिपका उमटतो. बटर पेपरचे दोन थर, फ्लॅशपासून थोडे दूर आणि विषयाच्या शक्य तितके जवळ धरा. स्वस्त एलईडी रिंग लाइटचा उजेड अपुरा, आणि चकचकीत पाठीवर गोल कडं उमटतं ते वेगळंच.

ऑटोफोकस बंद करा. फोकस ठरवून घ्या, अंग किंचित पुढे-मागे झुलवत डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबा.

जुनी लेन्स टॉर्चशिवाय घेणं

मुंबई-कोकणातून जुनी लेन्स घेताना बुरशी नक्की तपासा. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं पाहा; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नको. बारीक धुळीचे चार कण चालतात. चांगली लेन्सही पावसाळ्यात कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या वर सरकू लागला की जेल बदला.