मानसशास्त्रज्ञांना कोचिंग शिकवताना या चुका टाळा

पाच-सात वर्षे समुपदेशन केलेल्या व्यक्तीला ऐकायला शिकवावे लागत नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. ऐकता ऐकता तिचे मन कारण शोधू लागते. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर म्हणतो, "मीटिंगमध्ये साहेबांसमोर तोंड उघडत नाही." तिसऱ्याच प्रश्नात ती त्याच्या लहानपणात शिरते. समुपदेशनात ते चालेल. कोचिंगमध्ये, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला पुढचे पाऊल ठरवायला मदत करताना, मात्र तासभर बोलून तो मोकळा होतो आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये पुन्हा गप्प बसतो.

"भूतकाळात जाऊ नका" अशी नुसती तंबी देऊन हे सुटत नाही. तिघांचे गट करा: एक कोच, एक क्लायंट, एक निरीक्षक. 20 मिनिटे सराव, 10 मिनिटे अभिप्राय, मग फेरपालट. दीड तासात तिघांची पाळी होते. निरीक्षकाने कोचचा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा दोन रकान्यांत लिहायचा, 'मागचे' आणि 'पुढचे'. मागचा रकाना भरलेला दिसला की वेगळे समजावावे लागत नाही. अभिप्राय म्हणून "छान झालं" चालणार नाही. लिहिलेला प्रश्नच वाचून दाखवायचा. (मानसशास्त्रज्ञ एकमेकांना दुखवायला फार कचरतात.) क्लायंट झालेल्याने रचलेली गोष्ट सांगू नये, कारण नाटकातला क्लायंट हवे तसे वळतो. स्वतःची खरी, पण हलकी अडचण आणावी.

ग्रो मॉडेल, म्हणजे सेशनचे ध्येय, वास्तव, पर्याय, निर्धार हे चार टप्पे, पाठ असूनही सेशन फसते. बहुतेक वेळ वास्तवातच जातो, कारण तिथे आपले कसब चालते. मग शेवटच्या मिनिटात घाईने "काय करणार?" विचारले जाते आणि उत्तर येते, "पळोवया" (बघू या). हे उत्तर आले की निर्धार झालेला नाही असेच धरा. शेवटची 5 मिनिटे आधीच राखून ठेवा: काय करणार, कधी, आड काय येईल. मग 0 ते 10 मध्ये किती खात्री ते विचारा. 7 च्या खाली उत्तर आले तर पाऊल लहान करा. धीर देऊन आकडा वाढवू नका.

उलट चूकही होते. भूतकाळ खणू नका म्हटले की काहीजण समोर दिसणारे नैराश्यही सोडून देतात. झोप उडाली असेल, कशातच रस नसेल, तर ध्येय बाजूला ठेवून थेट विचारा. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत 10 किंवा अधिक गुण आले, तर पुढच्या तपासणीसाठी पाठवा. नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर शून्य नसेल, तर एकूण गुण कितीही असोत, सुरक्षिततेची चौकशी त्याच भेटीत. बांबोळीची मानसोपचार संस्था आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक प्रत्येकाच्या वहीत हवा. त्याच व्यक्तीवर आपणच उपचारही करू लागणे टाळा.

कंपनी पैसे देते तेव्हा करार कंपनी, क्लायंट आणि कोच अशा तिघांचा असतो. एचआरला किती सेशन झाली आणि ठरलेली ध्येये एवढेच कळेल, बोललेले नाही, हे पहिल्या भेटीआधी लेखी घ्या. गोवा लहान, क्लायंट जत्रेत सहकुटुंब भेटणारच. ओळख दाखवायची की नाही, हे त्यानेच ठरवावे आणि तेही आधीच.

भाषेकडे दुर्लक्ष होते. सेशन इंग्रजीत चालले तरी ध्येयाचे वाक्य क्लायंटला कोकणीत किंवा मराठीत म्हणू द्या. 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन' म्हणणारा माणूस आपल्या भाषेत "भावाला हिशेब विचारायचाय" असे सांगून मोकळा होतो.

शेवटी तासांचे. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या एसीसी या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीला 60 तासांचे प्रशिक्षण, 100 तास प्रत्यक्ष कोचिंग आणि किमान तीन महिन्यांत विभागलेले 10 तासांचे मेंटर कोचिंग (आपल्या कोचिंगवर अनुभवी कोचचा अभिप्राय) लागते. समुपदेशनाचे जुने तास त्यात धरू नका. सराव-क्लायंट हॉटेलांतून घेणार असाल तर पावसाळ्यात सुरू करा. डिसेंबरात विभागप्रमुख फोनही उचलत नाहीत.