एनर्जी ड्रिंक सोडा, आंबील करा

लातूरला क्लास करणारी पोरं असोत की उन्हात राबणारी माणसं, थकवा आला की एनर्जी ड्रिंक फोडलं जातं. २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफीन, शिवाय भरपूर साखर. निम्मं कॅफीन उतरायलाच ५ तास लागतात. संध्याकाळी प्यायलं की रात्रीची झोप गेलीच. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर अजिबात नको. रोजची सवय एकदम तोडू नका, डोकं ठणकतं. आठवडाभरात निम्म्यावर आणा.

आंबिलीसाठी २ चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी ताकात रात्रभर भिजवा. सकाळी २ पेले उकळत्या पाण्यात हळूहळू सोडा, हलवत राहा. कोरडं पीठ टाकलंत तर गाठी होणारच. कच्चा वास गेला की उतरवा. कोमट झाल्यावरच वरून ताक, मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण घाला. गरमात ताक फाटतं.