सफारीच्या रॉ फोटोंना एकगठ्ठा शार्पनिंग: आधी आयएसओ, मग सिंक

पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याची सकाळची फेरी करून नागपूरला परतलं की एकाच कार्डात झुंजूमुंजू उजेडातले आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० चे फोटो असतात आणि नऊच्या उन्हातले ४०० चेही. सगळ्यांना एकच शार्पनिंग लावलं, तर पहाटेच्या फोटोंत दाणे उठतात, नाहीतर उन्हातल्या वाघाच्या मिशा मऊ राहतात. म्हणून आधी गट पाडायचे. खालची रीत अडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादन प्रोग्रॅमची आहे.

लायब्ररीच्या ग्रिडमध्ये बॅकस्लॅश दाबा, वरच्या पट्टीत मेटाडेटा निवडा आणि दोन रकाने लावा: फाइल टाइप आणि आयएसओ स्पीड. जेपेग आधीच बाजूला काढा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलीच ठेवा. त्यांना कॅमेऱ्याने शार्पनिंग दिलेलं असतं, दुसरा हात फिरवला की कडांना पांढरी किनार येते.

प्रत्येक गटातला डोळा नीट फोकसमध्ये असलेला एक फोटो डेव्हलपमध्ये उघडा आणि १०० टक्क्यांवर बघा. सुरुवातीला हे आकडे धरा. आयएसओ ८०० पर्यंत अमाउंट (शार्पनिंगचा जोर) ६०, रेडियस (कडेची रुंदी) ०.८, डिटेल (बारीक पोत) ३५, मास्किंग (शार्पनिंग फक्त कडांपुरतं ठेवणं) ४०. १६०० ते ३२०० ला याच क्रमाने ४५, १.०, २०, ६५. त्यापुढे ३०, १.२, १०, ८५. डिटेल वाढवला की केसांबरोबर दाणेही उठतात, म्हणून आयएसओ चढेल तसा तो उतरवायचा.

खरी मेहनत मास्किंगवर घ्या. ऑल्ट (मॅकवर ऑप्शन) दाबून धरा आणि स्लायडर सरकवा. पांढरं दिसतं तिथे शार्पनिंग लागतं, काळ्या भागात लागत नाही. मागचं धूसर गवत आणि सागाची पानं काळी पडली, पण डोळा, मिशा नि पट्ट्यांच्या कडा पांढऱ्या राहिल्या, की थांबा. हा मास्क प्रत्येक फोटोच्या स्वतःच्या कडांवरून बनतो. त्यामुळे वाघ डावीकडे असो की उजवीकडे, मास्किंगचा आकडा बिनधास्त सिंक करता (बाकीच्या फोटोंवर उतरवता) येतो. ब्रशने रंगवलेल्या मास्कचं तसं नाही. तो फ्रेममधल्या त्याच जागी बसतो, म्हणून सिंकमध्ये घेऊ नका.

आता तो फोटो निवडलेला ठेवून कंट्रोल-ए, मग कंट्रोल-शिफ्ट-एस (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड). ग्रिडमध्ये सगळ्यांत उजळ चौकट ज्याची, त्याचीच सेटिंग बाकीच्यांवर जाते, हे आधी तपासा. उघडलेल्या सिंकच्या खिडकीत चेक नन करून फक्त शार्पनिंगवर टिक करा. ही खिडकी मागच्या वेळच्या टिका लक्षात ठेवते. न बघता ओके केलं तर क्रॉप आणि व्हाइट बॅलन्सही सगळ्या गटावर जातात. तसं झालं तर लगेच कंट्रोल-झेड. ऑटो सिंक चालू नाही ना, तेही बघा, नाहीतर पुढचा प्रत्येक स्लायडर सगळा गट हलवेल.

दर वेळी गट पाडायचे नसतील तर वेगवेगळ्या आयएसओचे तयार फोटो एकत्र निवडून आयएसओ अ‍ॅडॅप्टिव्ह प्रीसेट (आयएसओप्रमाणे बदलणारी साठवलेली सेटिंग) करा. मधल्या आयएसओचे आकडे प्रोग्रॅमच काढतो.

मे महिन्यातले उशिराचे फोटो मात्र वेगळे काढा. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि लांब लेन्समध्ये कडा वाकड्या होतात. अमाउंट वाढवला तर त्या वाकड्या कडाच ठळक होतील. २५ वर ठेवून फोटो लहान आकारात द्या. एक्सपोर्टचं आउटपुट शार्पनिंग आकार बदलल्यावर लागतं, तेव्हा मोबाइलसाठी स्क्रीन-स्टँडर्ड आणि अल्बमसाठी कागदाप्रमाणे मॅट किंवा ग्लॉसी निवडा.