नॉर्दर्न लाइट्स बघायला निघताय? या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक घरी बसल्याबसल्याच होते. मुलांना मे महिन्याची सुट्टी असते म्हणून मेचं बुकिंग! नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे काही आठवडेही रात्र नीट काळोखी होत नाही. ऑरोरा, म्हणजेच नॉर्दर्न लाइट्सचा तो नाचरा प्रकाश, तेव्हाही वर असू शकतो, पण उजेडात दिसणार कसा? सप्टेंबर ते मार्च हा खरा हंगाम. म्हणजे आपल्याला दिवाळीची सुट्टी सोयीची. शाळेचा प्रश्न नसेल तर मी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च सुचवेन: रात्री अजून मोठ्या असतात, दिवसाही फिरता येतं आणि विषुवदिनाच्या आसपास ऑरोरा पेटवणारी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली हालचाल वाढलेली असते.

दुसरा गैरसमज, जितकं उत्तरेला जाऊ तितकं छान. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले विद्युतभारित कण वेग घेऊन वातावरणावर आदळतात, ते ऐन ध्रुवावर नव्हे, तर चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका पट्ट्यात. हातातल्या कड्यासारखा हा पट्टा ध्रुवाभोवती बसलेला असतो. ट्रॉम्सो, स्वीडनमधलं अबिस्को, आइसलंड, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ ही ठिकाणं त्याच्या खाली किंवा अगदी जवळ आहेत. नॉर्वेचा स्वालबार्ड हा द्वीपसमूह 78 उत्तर अक्षांशावर, म्हणजे बरंच वर. रात्री पट्टा अनेकदा त्याच्या दक्षिणेला राहतो. थंडीचाही ऑरोराशी संबंध नाही. हा खेळ 100 किलोमीटरच्याही वर चालतो, तिथे तुमच्या थर्मामीटरला कोण विचारतो!

अ‍ॅपमधला केपी आकडा

ऑरोराचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपमध्ये केपी दिसतो: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे ते सांगणारा 0 ते 9 पर्यंतचा आकडा. तो बघून लोक हॉटेलात झोपून जातात. ‘आज केपी फक्त 2 आहे, कशाला बाहेर पडायचं?’ ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी 2 सुद्धा पुरतो. शिवाय केपी ही तीन तासांची, साऱ्या पृथ्वीची मिळून सरासरी. तुमच्या डोक्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होईल हे त्यातून कळत नाही. थोडं खोलात जायची तयारी असेल तर बीझेड (Bz) हा आकडा बघा. सौरवाऱ्यातलं, म्हणजे सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांच्या प्रवाहातलं, चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, म्हणजे आकडा उणे झाला आणि तसाच टिकला, की शक्यता वाढते. ही मोजमापं पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या यानांकडून येतात, त्यामुळे पूर्वसूचना मिळते ती फार तर तासाभराची.

केपीपेक्षा ढगांचा नकाशा आधी उघडा. केपी 6 आणि आभाळ भरलेलं, तर हाती काहीच नाही. ट्रॉम्सो किनाऱ्यावर असल्याने ढग नेहमीचेच. तिथले गाइड मोकळ्या आकाशाच्या शोधात गाडी थेट फिनलंडच्या सीमेकडे काढतात. अबिस्कोभोवतीचे डोंगर ढग अडवतात, म्हणून तिथे आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. एकाच रात्रीवर भिस्त ठेवू नका, निदान चार रात्री हाताशी ठेवा. आइसलंडमध्ये स्वतः गाडी चालवत असाल तर प्रकाश दिसला म्हणून हायवेवर मध्येच थांबू नका, पार्किंगच्या जागेपर्यंत जा.

‘फोटोत हिरवं, मला मात्र राखाडी!’

टूर कंपनीने फसवलं असं समजू नका. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो. मंद ऑरोरा पांढुरक्या ढगासारखाच वाटतो. जोर धरला की ऑक्सिजनचा हिरवा रंग साध्या डोळ्यांनाही दिसतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात. तेवढ्यात एकदा व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की पुन्हा पहिल्यापासून.

फोटो हलतोय? ट्रायपॉड आणि टायमर वापरा. धूसर येतोय? ऑटोफोकस बंद करून एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस करा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 1600 आणि एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश साठवण्याची वेळ, 8 सेकंद इथून सुरुवात करा. प्रकाश वेगाने नाचू लागला तर वेळ कमी करा. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती भराभर उतरते. हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

मे 2024च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहून लालसर झळाळी टिपली गेली, तेव्हापासून ‘आता लडाखलाच जाऊ’ असा बेत ऐकू येतो. ते वादळ जी-5, म्हणजे मोजपट्टीवरच्या सगळ्यात वरच्या पातळीचं होतं, 2003 नंतरचं पहिलंच. हानलेला ताऱ्यांसाठी जरूर जा, ऑरोरासाठी तिकीट काढू नका.