समुद्रगायीचा तक्ता करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या शाळांतून परीक्षक म्हणून फिरणं होतं. गेल्या खेपेला एका पोरानं समुद्रगायीचा तक्ता आणलेला. रंगकाम झकास, पण पोटात चार कप्पे! विचारलं तर म्हणतो, "सर, आमच्या गोठ्यात चार म्हशी हायत. गाय म्हटल्यावर रवंथ करणारच की!"

पोराचा दोष नाही, नावाचा आहे. समुद्रगाय हा पाण्यातच राहणारा सस्तन प्राणी. गवत खाते, एवढंच तिचं गायीसारखं. रवंथ ती करत नाही. हत्ती-घोड्यांसारखा तिचा चारा मागच्या आतड्यात आंबतो. नातंही हत्तीशीच, आणि आफ्रिकेतल्या सशाएवढ्या हायरॅक्सशी. त्यामुळे तक्त्यात तिला देवमासा किंवा सील यांच्या रांगेत बसवू नका. पुरावा हवा तर वेस्ट इंडियन मॅनाटी या समुद्रगायीचे वल्ह्यासारखे पुढचे पाय बघा, टोकाला हत्तीसारखी नखं. (ॲमेझॉनमधल्या मॅनाटीला मात्र नखं काढू नका, तिला ती नसतातच.) दाढांची तऱ्हाही तशीच. मागून नवी दाढ येते, रांग पुढे सरकते, झिजलेली पुढून गळते. हत्तीचा हा खेळ सहा संचांत आटोपतो, मॅनाटीचा जन्मभर चालतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते शेपटीवर. 'समुद्रगाय' हे नाव आपण मॅनाटी आणि डुगाँग दोघांनाही लावतो, मग चित्र एकीचं आणि माहिती दुसरीची. भाकरीसारखी गोल, पसरट शेपटी असेल तर मॅनाटी. देवमाशासारखी मधे खाच असेल तर डुगाँग. भारताच्या समुद्रात फक्त डुगाँग आहे: कच्छचं आखात, मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान-निकोबार. मॅनाटीच्या तीन जाती अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेकडच्या. गोल शेपटी काढून खाली 'कच्छ' लिहून बसला असाल तर तक्ता फाडू नका. शेपटीला व्हाइटनर लावून खाच पाडा, नाहीतर 'कच्छ' खोडून 'फ्लोरिडा' लिहा.

नामशेष नातेवाइकांत सगळे स्टेलरची समुद्रगाय घेतात आणि तिला मॅनाटीच्या घरात घालतात. ती डुगाँगच्या घराण्यातली, म्हणून तिलाही खाचेची शेपटी. तोंडात दात नकोत, शिंगासारख्या कडक पट्ट्या हव्यात, त्यांनी ती समुद्रशेवाळ चावायची. 1741 मध्ये रशियाच्या पूर्वेकडच्या बेरिंग बेटावर अडकलेल्या गिऑर्ग स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञानं तिची नोंद केली आणि 1768 पर्यंत शिकाऱ्यांनी ती संपवली. 27 वर्षं फक्त! तक्त्यावर हे दोन आकडे ठळक लिहा, डायनासोरांच्या काळातलं काही नाही हे.

आणि प्रमाण सांभाळा. डुगाँग साधारण तीन मीटर, स्टेलरची गाय आठ. दोघी एकाच मापाच्या काढलेले तक्ते दरवर्षी येतात. डुगाँग वीतभर काढलात तर दुसरीला अडीच वितींहून थोडं जास्तच लागेल, तेव्हा कागद आधीच आडवा धरा.