गॅबनला नोकरीला चाललाय? मग सुट्टीच्या दिवशी पक्षी कसे बघायचे ते वाचून जावा

आपल्या कोल्हापूर भागातली काही पोरं हल्ली फिटर, मशीन ऑपरेटर, सुपरवायझर म्हणून मध्य आफ्रिकेतल्या गॅबनला जायला लागलीत, बहुतेक राजधानी लिब्रव्हिलजवळच्या न्कोकच्या औद्योगिक वसाहतीत. 2010 ला तिथल्या सरकारनं लाकडाचे गोल ओंडके तसेच परदेशी पाठवायला बंदी घातली, मग लाकूड तिथंच चिरायचं, तिथंच व्हिनियर-प्लायवूड करायचं म्हणून कारखाने उभे राहिले आणि भारतातनं माणसं जायला लागली, मीपण त्यातलाच एक. सुट्टी आली की आपली माणसं काय करतात, तर खोलीवर चिकन आणि मोबाईल. अरे भावांनो, देशाचा 88 टक्क्यांच्या आसपास भाग जंगल आहे, पक्ष्यांच्या साधारण सातशे जाती आहेत आणि तुम्ही तिथं बसून रील बघणार?

तर कसं सुरू करायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, पुस्तक उघडून पक्ष्यांची नावं पाठ करू नका. इथं एका दिवशी एकच जागा धरायची. खारफुटी तर खारफुटी, नदी तर नदी. कारण या देशात कुठला पक्षी दिसणार हे तुम्ही कुठल्या जागेत उभे आहात त्यावरच ठरतं, आणि दाट जंगलात अर्धा दिवस चालून चार पक्षी नीट दिसले तरी पुष्कळ झालं. रंकाळ्यावर किंवा कळंब्याला सकाळी गेलं की तासाभरात वहीचं पान भरतं, ती सवय इथं विसरायची.

जायच्या आधी दोन-चार महिने असतील तर सरळ दाजीपूर किंवा आंबा घाटाला फेऱ्या मारा, पावसाळ्यात दाजीपूर बंद असतं ते बघून. तिथं गवे बघायला नाही जायचं, कान तयार करायला जायचं. गर्द राईत एका जागी अर्धा तास बसायचं, डोळे मिटले तरी हरकत नाही, आणि आवाज कुठल्या उंचीवरनं येतोय ते ओळखायचं. शेंड्यावर राखी धनेश खिदळतोय, मधल्या फांदीवर कर्णा हळू बोलतोय, खाली ओढ्याला शीळकरी कस्तुर. ही शेंडा-मधला भाग-बुड अशी विभागणी एकदा डोक्यात बसली की गॅबनमध्ये नुसते पक्षी बदलतात, पद्धत तीच राहते. फक्त तिथली झाडं कितीतरी उंच, त्यामुळं मान दुखणार हे धरूनच चला.

दुर्बीण 8 बाय 42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलीमीटरच्या पुढच्या काचेची. दुकानदार 10 वाली गळ्यात मारायला बघतो पण जंगलात खाली अंधार असतो आणि 10 मध्ये हात हलला की सगळंच हलतं. सोबत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, कारण तिथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लगेच धरते. झेनो-कँटो नावाच्या वेबसाइटवर पक्ष्यांचे आवाज फुकट मिळतात, ते घरूनच डाउनलोड करून न्या, जंगलात नेटवर्क नसतं. आणि हे आवाज तिथं जाऊन मोठ्यानं वाजवत बसू नका, शिकण्यापुरते हेडफोनवर ऐका.

हवामान बघून सुट्टी टाका. जून ते सप्टेंबर मोठा कोरडा हंगाम, पण कोरडा म्हणजे आपल्या एप्रिलसारखं रणरणतं ऊन नव्हे, आभाळ भरलेलं आणि हवा जरा गार. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस, डिसेंबर-जानेवारीला थोडी उघडीप, फेब्रुवारी ते मे परत जोरात पाऊस. देश विषुववृत्तावरच असल्यामुळं वर्षभर सहा ते साडेसहाच्या मधे उजाडतं आणि दिवस बारा तासांचा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे तिकडं तुम्ही उजाडताना जंगलात शिराल तेव्हा इकडं घरच्यांचे दुपारच्या जेवणाआधीचे फोन सुरू होतात, सायलेंटवर ठेवा.

सुरुवात कॉलनीतनंच करा. नारळाच्या किंवा ताडाच्या झाडावर पिवळ्या पक्ष्यांचा गोंगाट दिसला तर तो व्हिलेज वीव्हर, आपल्या सुगरणीचा भाऊबंद, पण याच्या खोप्याला सुगरणीसारखी लांब नळी नसते आणि घरट्यासाठी झावळ्यांच्या पट्ट्या सोलून सोलून हे लोक झाड पार नागडं करतात. किनाऱ्याकडं पांढरं-काळं, तोंडाशी लाल कातडं असलेलं गिधाड दिसेल ते पाम-नट व्हल्चर. मेलेल्या जनावरापेक्षा याला तेलताडाची फळं जास्त प्रिय. गिधाड असून फळं खातं हे घरी सांगितलं तर कोण विश्वास ठेवत नाही.

लिब्रव्हिल शहराच्या उत्तरेला रापोंडा-वॉकर आर्बोरेटम, म्हणजे राखून ठेवलेलं झाडांचं जंगल, आहे, पूर्वी त्याला माँदाचं जंगल म्हणायचे. एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, पायवाटा आहेत, आणि ज्या ओकुमे झाडाचा ओंडका आपण रोज मशीनवर सोलतो ते झाड उभं असताना कसं दिसतं ते एकदा तरी बघून यावं. त्याच बाजूला अकांडा नॅशनल पार्क, म्हणजे खारफुटी आणि चिखलाचे सपाट पट्टे. इथं ऑक्टोबर ते मार्च जायचं, युरोपाकडनं आलेले चिखलपक्षी तेव्हा असतात. होडीवाल्याशी बोलून भरती-ओहोटीची वेळ काढा. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला पांगतात, भरतीला उरलेल्या कोरड्या तुकड्यावर सगळे गोळा होतात, मोजायला तेव्हा सोपं. खारफुटीच्या फांद्यांत तपकिरी, अगदी साधा दिसणारा एक शिंजीर फिरतो, माऊस-ब्राऊन सनबर्ड, लोक त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत, पण तो खारफुटीचा खास पक्षी, म्हणून नोंद करा.

आता खरं जंगल. इथं एकटं शिरायचं नाही, ही गोष्ट पक्की. आफ्रिकेतल्या फॉरेस्ट हत्तींपैकी निम्म्याहून जास्त या देशात आहेत आणि दाट झाडीत हत्ती पाच पावलांवर येईपर्यंत कळत नाही. वाटाड्या घ्या, त्याच्याशी फ्रेंचमध्ये चार शब्द बोलता आले पाहिजेत. धनेशाला कालाओ म्हणतात, करड्या पोपटाला पेरोके ग्री, टुराको नावाच्या तुऱ्याच्या पक्ष्याला तुराको. एवढ्यावर पहिली ट्रिप निघते.

शेंड्यावरचे मोठे पक्षी आधी ऐकू येतात. ब्लॅक-कास्क्ड हॉर्नबिल डोक्यावरनं गेला की पंखांचा आवाज लांबून येतो, वर बघायला वेळ मिळतो, दाजीपूरला धनेशाची सवय असेल तर हे लगेच जमेल. ग्रेट ब्लू टुराको पाऊण मीटर लांब, निळा, डोक्यावर काळा तुरा, उडण्यापेक्षा फांद्यांवरनं पळण्यात हुशार. फळं लागलेला उंबर-वडाच्या जातीचा वृक्ष सापडला तर तिथनं हलू नका, टुराको, धनेश, हिरवी कबुतरं सगळी त्याच झाडावर येणार. चॉकलेट-बॅक्ड किंगफिशर हा पाण्याचा नाही, जंगलाच्या शेंड्यावरचा खंड्या आहे, त्याची शीळ सकाळभर ऐकाल आणि पक्षी दिसणार नाही, वैतागू नका. ग्रीनबुल नावाचे बुलबुलाचे हिरवट नातेवाईक तर इतके आणि इतके सारखे की सुरुवातीला सरळ सोडून द्या.

खाली जमिनीवर काय बघायचं, तर मुंग्या. ड्रायव्हर मुंग्यांची फौज निघाली की वाटेतले किडे, कोळी, नाकतोडे जिवाच्या आकांतानं पळतात आणि काही पक्षी त्या फौजेबरोबरच फिरतात, मुंग्या खायला नाही, पळणारे किडे टिपायला. फायर-क्रेस्टेड अलेथे, व्हाइट-टेल्ड अँट थ्रश, रेड-टेल्ड ब्रिसलबिल हे एरवी सावलीत दडून बसणारे पक्षी तिथं डोळ्यासमोर येतात. करायचं असं: पँट मोज्यात खोचायची, फौजेच्या आघाडीच्या एका बाजूला, थोडं लांब उभं राहायचं, दर दोन मिनिटांनी पायाखाली बघायचं. मधे उभं राहिलात तर नाचत परत याल, चावा लई वाईट. पण माझ्या मते गॅबनच्या जंगलातला सगळ्यात भारी तास हाच, हत्ती-गोरिलाच्या नादात लोक मुंग्यांवरनं उड्या मारून पुढं जातात त्याचं मला नवल वाटतं.

रात्री कॅम्पवर असाल तर न्कुलेंगू रेल नावाचा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी जोडीनं ओरडतो, दोघं मिळून एकच ठेका धरतात, लेझमीच्या सरावासारखा तोच तोच आणि थांबायचं नाव नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा, आवाज किती उंचीवरनं आला ते बोलून ठेवा. नंतर ग्रुपवर टाकला तर कोणतरी ओळखतं.

जंगलाच्या पोटात मधेच दलदलीची उघडी जागा असते, तिला बाय म्हणतात. इविंदो पार्कातली लांगुए बाय सगळ्यात नावाजलेली. माइक फे नावाचा माणूस 1999-2000 मध्ये काँगोतनं चालत चालत गॅबनच्या किनाऱ्याला पोचला, तीन हजार किलोमीटरच्या वर, तेव्हा ती जगासमोर आली, आणि 2002 ला सरकारनं एकदम तेरा नॅशनल पार्क जाहीर केले त्यामागं त्या चालण्याचा वाटा मोठा. बायला मचाणावर दिवसभर बसायचं, करडे पोपट थव्यानं खाली उतरतात. पण इथवर पोचणं खर्चिक आणि अवघड, पगाराची पहिली बचत यात घालू नका.

त्यापेक्षा लोपे नॅशनल पार्क गाठा. लिब्रव्हिलच्या ओवेंदो स्टेशनवरनं फ्रांसव्हिलची रेल्वे लोपेला थांबते, वेळेत बरीच ढील धरून निघायचं. आपल्याकडं सडा आणि खालची राई कशी लागून असते, तसं इथं गवताळ माळ आणि जंगल एकमेकांत घुसलेलं, माळ टिकावा म्हणून पार्कवाले कोरड्या हंगामात मुद्दाम गवत जाळतात. 2007 ला जागतिक वारसा झालाय. एका पायवाटेनं माळावरचे आणि जंगलातले दोन्ही पक्षी मिळतात, नवख्या माणसाला याहून बरी जागा नाही. शेजारी ओगोवे नदी, तिच्या खडकांवर रॉक प्रॅटिनकोल नावाचे पक्षी ठिय्या देऊन बसलेले असतात, पाणी उतरलं की वाळूचे पट्टे उघडे पडतात तिथं ग्रे प्रॅटिनकोल आणि स्किमर. काठाच्या झुकलेल्या फांद्यांखाली सावलीत दुर्बीण फिरवत राहा, आफ्रिकन फिनफूट तिथंच चोरून पोहतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरला मोठी सुट्टी मिळाली तर किनाऱ्याकडं, लोआंगो-गांबाच्या बाजूला. तिथं रोझी बी-ईटर, गुलाबी पोटाचा वेडा राघू समजा, सपाट वाळूच्या माळावर बिळं करून हजारांनी घरटी करतो, आणि त्याच्यात मिसळून आफ्रिकन रिव्हर मार्टिन, काळी, लाल डोळ्याची, लाल चोचीची पाकोळीसारखी. जमीन पोकळ असते म्हणून वसाहतीत पाय घालायचा नाही, कडेनं बघायचं.

पिकाथार्टिस नावाचा पक्षी सगळ्यांना बघायला हवा असतो. राखी मानेचा, पिसं नसलेल्या डोक्यावर निळा-काळा-लाल रंग, जंगलातल्या मोठ्या खडकाच्या कपारीला चिखलाचं घरटं चिकटवतो. जागा वाटाड्यालाच माहीत असते. दुपारीच जाऊन खडकापासनं लांब, न हलता बसायचं, संध्याकाळी मुक्कामाला येतात तेव्हा दिसतात. घरट्यावर अंडी-पिल्लं असली तर फ्लॅश नाही, जवळ जाणं नाही, वाटाड्या स्वतः म्हणाला तरी नाही.

करडा पोपट कोणी विकायला आणला तर हात जोडा. 2016 पासनं तो धोक्यातल्या यादीत आहे आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केलाय, पिसं-चोचीसुद्धा बॅगेत नकोत. रस्त्याकडेला मांसासाठी धनेश टांगलेले दिसतील, भांडण करू नका, फक्त विकत घेऊ नका.

राहिलं औषधपाणी. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. आणि ते पिवळं कार्ड परत येताना चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, मुंबईला उतरल्यावर दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात.